स्वमग्न मूल आणि चारचौघांची शाळा

आपल्या सुशिक्षित घरांत मुलांच्या शिक्षणाची चर्चा जितकी होते तितकी दुसऱ्या कोणत्याहि गोष्टीची होत नसेल. शाळा कोणती चांगली, माध्यम मराठी घ्यावें कीं इंग्रजी, शिकवणी लावावी कीं घरींच बसवून घ्यावें, या प्रश्नांवर आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत प्रत्येकाचें कांहींना कांहीं मत असतें. पण त्याच घरांत एकादें मूल असें असतें कीं, त्याच्या शाळेचा विषय निघाला म्हणजे सगळ्यांचे आवाज खालीं येतात. तें मूल तीन वर्षांचें होऊन गेलें तरी हांकेला ओ देत नाहीं. हवी ती वस्तु मागण्याऐवजीं मोठ्या माणसाचा हात धरून त्याला त्या वस्तूपर्यंत ओढून नेतें. सबंध रामरक्षा त्याला पाठ येते, पण "तुझें नांव काय?" असें विचारलें तर तें तोच प्रश्न परत म्हणतें. खेळगाडी उलटी करून तिचें चाक फिरवीत तें तासच्या तास बसतें, आणि कुकरची शिटी वाजली कीं कानांवर हात ठेवून किंचाळतें. आजी सुनेची समजूत घालते, "अग, ह्याचा मामासुद्धां चार वर्षांचा होईपर्यंत कुठें बोलला होता? बोलेल हो!" या 'बोलेल हो'मध्यें दोन वर्षें जातात, आणि मग एके दिवशीं बालवाडीच्या बाई सांगतात कीं, ह्याला आमच्याकडे ठेवतां येणार नाहीं.

अशा मुलाच्या स्थितीला मराठींत 'स्वमग्नता' हें नांव आतां रूढ झालें आहे. इंग्रजींतला शब्द ऑटिझम. हें वेड नव्हे आणि हट्टीपणा तर नव्हेच. मेंदूची घडण जन्मापूर्वींपासूनच कांहीं निराळ्या रीतीनें झाल्यामुळें दुसऱ्यांशीं संवाद साधणें, त्यांचें मनोगत ओळखणें, ठरलेल्या क्रमांत झालेला बदल सोसणें, आवाज, उजेड व स्पर्श यांचा मेळ घालणें या गोष्टी त्या मुलाला जड जातात. सर्व स्वमग्न मुलें मात्र एका सांच्यांतून काढलेलीं नसतात. एक मूल जन्मभर शब्दानें बोलत नाहीं. दुसरें अस्खलित बोलतें, पण आगगाड्यांच्या वेळापत्रकापलीकडे त्याचा विषय जात नाहीं. कोणाची बुद्धि मंद, कोणाची साधारण, तर कोणाची असामान्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें १२७ माणसांमागें एक माणूस स्वमग्न होता. या हिशेबानें पांचशें मुलांच्या शाळेंत अशीं चार मुलें असावयास हवींत. तीं तेथें दिसत नसतील तर तीं आहेत कोठें, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिल्या रुग्णाची कथा

या प्रश्नाचा विचार करतांना एका मुलाची हकीकत फार उपयोगी पडते. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यांत फॉरेस्ट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील वकील बीमन ट्रिपलेट व त्यांच्या पत्नी मेरी हें सुशिक्षित दांपत्य १९३८ सालच्या ऑक्टोबरांत आपल्या पांच वर्षांच्या डोनाल्ड नांवाच्या मुलाला घेऊन बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे गेलें. बापानें मुलाचें सर्व वर्तन तेहतीस पानांच्या टंकलिखित पत्रांत आधींच कळविलें होतें. अडीच वर्षांचा होण्याच्या सुमारास हा मुलगा बायबलांतील एक स्तोत्र आणि धर्मशिक्षणाच्या पोथींतील पंचवीस प्रश्नोत्तरें घडाघडा म्हणे. पण आईबाप खोलींत आले काय नि गेले काय, त्याला त्याचें कांहींच नसे. स्वतःबद्दल बोलतांना तो 'मी' न म्हणतां 'तूं' म्हणे. वाटोळी वस्तु दिसली कीं ती जमिनीवर भिरभिर फिरविणें हा त्याचा एकच आनंद होता.

यापूर्वीं, डोनाल्ड अवघा तीन वर्षांचा असतांना, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईबापांनीं त्याला घरापासून दूरच्या एका सरकारी संस्थेंत ठेवलें होतें. त्या काळचा शहाणपणाचा सल्ला तोच होता. तेथें मुलगा अधिकच मिटत गेला. सुमारें वर्षभरानें आईबापांनीं संस्थाचालकांचा सल्ला मोडून त्याला घरीं आणलें. त्यांनीं त्या दिवशीं तो सल्ला मानला असता, तर पुढची कथा घडलीच नसती.

कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली; त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. त्या निबंधानें स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रांत स्वतंत्र जागा मिळाली, आणि त्यांतील पहिला रुग्ण म्हणजे डोनाल्ड. मॉस्कोंतील डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनीं त्यापूर्वीं १९२५ च्या सुमारास, आणि व्हिएन्नांतील डॉ. हान्स आस्पेर्गर यांनीं १९४४ सालीं अशाच प्रकारच्या मुलांचीं वर्णनें केलीं आहेत.

१९४२ सालीं आईबापांनीं डोनाल्डला गांवापासून सुमारें दहा मैलांवर राहणाऱ्या लेविस नांवाच्या शेतकरी जोडप्याकडे ठेवलें. तें त्याला पाहावयास वरचेवर जात. हें शेतकरी जोडपें फारसें शिकलेलें नव्हतें. पण शिक्षणशास्त्रज्ञांनीं पाठ घ्यावा असें काम त्यांनीं केलें. डोनाल्डला मोजमापाचें वेड होतें. त्यांनीं तें वेड मोडण्याचा खटाटोप केला नाहीं. त्याला एक विहीर खणण्यास लावलें आणि तिची खोली मोजून सांगण्याचें काम दिलें. मक्याच्या ओळी मोजण्याचा त्याला नाद होता. तेव्हां नांगर त्याच्या हातीं देऊन, नांगरतां नांगरतां ओळी मोजण्यास सांगितलें. मेलेले किडे व पांखरें गोळा करण्याची त्याला खोड लागली, तेव्हां त्यांनीं शेताच्या एका कोपऱ्यांत स्मशानासाठीं जागा दिली. मुलगा प्रत्येक प्राण्याच्या कबरीवर फळी लावून तीवर त्याचें नांव, मग जात आणि शेवटीं आडनांव म्हणून 'लेविस' असें लिही. घरांतल्या गोगलगायीलाहि त्यानें घराण्याचें नांव दिलें! १९४५ सालीं कॅनर स्वतः तेथें जाऊन आले. मुलगा खेड्याच्या साध्या शाळेंत जात होता, तेथें त्याचे विक्षिप्तपण सर्वांनीं चालवून घेतलें होतें, आणि त्याचा अभ्यासहि पुढें सरकत होता.

पुढें डोनाल्ड घरीं परतला आणि फॉरेस्टच्या सर्वसाधारण हायस्कुलांतून उत्तीर्ण झाला. १९५८ सालीं त्यानें मिलसॅप्स कॉलेजांतून फ्रेंच विषय घेऊन पदवी मिळविली. आईच्या माहेरच्या मंडळींच्या बँकेंत त्यानें अनेक दशकें नोकरी केली. सत्ताविसाव्या वर्षीं तो मोटार चालवावयास शिकला, गोल्फ खेळूं लागला, आणि एकट्यानें तीसाहून अधिक देश हिंडून आला. २०२३ सालच्या जूनमध्यें, वयाच्या एकुणनव्वदाव्या वर्षीं, त्याच गांवीं त्याचें निधन झालें. त्याचें बोलणें शेवटपर्यंत तुटक राहिलें. लग्न झालें नाहीं. स्वमग्नता गेली नाहीं. पण तो गांवांतला एक गृहस्थ म्हणून जगला. त्याच्यावर लिहावयास आलेल्या दोन अमेरिकन पत्रकारांना गांवांतील तिघां निरनिराळ्या माणसांनीं बजावलें होतें कीं, डोनला तुमच्या लिहिण्यानें दुखापत झाली तर गांठ आमच्याशीं आहे.

त्याच्या शाळेंतील एक आख्यायिका सांगण्यासारखी आहे. एकदां मुलांनीं त्याला विचारलें कीं, शाळेच्या दर्शनी भिंतींत विटा किती? डोनाल्डनें एक दृष्टि टाकून झटकन् आंकडा सांगितला. ती गोष्ट गांवभर झाली आणि पन्नास वर्षें लोक ती एकमेकांना सांगत राहिले. म्हातारपणीं पत्रकारांनीं त्याला याविषयीं विचारलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, तो आंकडा त्यानें मनानेंच ठोकून दिला होता. त्या मुलांचें आपल्याविषयीं चांगलें मत व्हावें एवढीच त्याची इच्छा होती.

या लहानशा गोष्टींत आमच्या विषयाचें मर्म आहे. ज्या मुलाला दुसऱ्यांची गरजच नाहीं असें शास्त्रज्ञांनीं लिहून ठेवलें, त्याच्या मनांत सोबत्यांनीं आपल्याला बरें म्हणावें ही ओढ होती. ती पुरी करण्याचें साधन मात्र त्याच्यापाशीं नव्हतें. तें साधन चार मुलांत वावरल्याशिवाय हातीं येत नाहीं.

कॅनर यांनीं १९७१ सालीं आपल्या अकरा मुलांचा पुन्हां शोध घेतला. ज्यांना लहानपणींच मोठ्या सरकारी संस्थांत टाकलें होतें, त्यांची वाढ बहुतेक खुंटली होती. असा प्रवेश म्हणजे जन्मठेपच, अशा अर्थाचा शेरा त्यांनीं मारला आहे.

एक गोष्ट येथें लपवून चालणार नाहीं. डोनाल्डच्या घरीं पैसा होता, विद्या होती, गांवांत मान होता. त्याच गांवांतील काळ्या मुलांना, तीं कितीहि धडधाकट असलीं तरी, त्या काळीं त्या शाळेचा दरवाजा बंद होता. म्हणजे एका मुलाला जें लाभलें तें त्याच्या घराण्याच्या पुण्याईनें. पुण्याई प्रत्येकाच्या वांट्याला येत नाहीं. म्हणून पुढें कायदा करावा लागला.

आईवरचा आळ

कायद्याकडे वळण्यापूर्वीं एका अन्यायाची दखल घेतली पाहिजे. कॅनर यांच्या अकरा मुलांचे आईबाप बहुतेक उच्चशिक्षित होते. त्यावरून हा विकार विद्वान् व भावनाशून्य आईबापांच्या पोटींच होतो अशी समजूत पसरली. खरें कारण अगदीं साधें होतें. दूरदूरच्या गांवांहून बाल्टिमोरच्या नामांकित तज्ज्ञाकडे जाण्याची ऐपत व माहिती अशाच लोकांना होती. पण समजूत बळावली, आणि मायेची ऊब न देणाऱ्या आईमुळें मूल मिटून जातें, असें मोठमोठे पंडित सांगूं लागले. ब्रूनो बेटलहाइम यांनीं १९६७ सालीं याच मताचा एक ग्रंथ लिहिला. कित्येक आया स्वतःला अपराधी समजून जळत राहिल्या.

बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनीं १९६४ सालीं या मताचें सप्रमाण खंडन केलें. १९७७ सालीं सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनीं जुळ्या भावंडांचा अभ्यास करून या स्थितींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा असल्याचें दाखविलें. कॅनर यांनींहि १९६९ सालीं आईबापांच्या परिषदेंत त्यांना सर्वांदेखत दोषमुक्त केलें. १९९८ सालीं गोवराच्या लशीवर आळ घेणारा एक निबंध इंग्लंडांत निघाला होता. तो सदोष व अप्रामाणिक ठरून २०१० सालीं मागे घेण्यांत आला.

शास्त्रानें आईला सोडलें, पण आमच्या माजघरानें अजून सोडलेलें नाहीं. सून नोकरीला गेली म्हणून, ग्रहण पाळलें नाहीं म्हणून, हातांत मोबाइल दिला म्हणून, तिच्या माहेरचेंच कांहीं असेल म्हणून, असे कितीतरी निवाडे जेवणाच्या पानावर होतात. ज्या बाईला दिवसभर त्या मुलामागें धांवावयाचें असतें, तिच्याच डोक्यावर हें ओझें चढतें. हा आळ घरांतून आधीं गेला पाहिजे. कारण जी आई स्वतःला गुन्हेगार समजते, ती शाळेच्या दारांत मुलाचा हक्क मागावयास ताठ मानेनें उभी राहूं शकत नाहीं.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशांत अपंगांसाठीं १९९५ सालीं जो पहिला व्यापक कायदा झाला, त्याच्या यादींत स्वमग्नतेचें नांव नव्हतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानें तिची प्रथम स्वतंत्र दखल घेतली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें अपंग मुलांचा त्यांत स्पष्ट समावेश केला. सर्वांत महत्त्वाचा कायदा २०१६ सालचा. त्यांत एकवीस प्रकारची अपंगत्वें गणलीं आहेत, आणि स्वमग्नता त्यांपैकीं एक आहे.

या कायद्याचें सोळावें कलम प्रत्येक पालकानें समजून घ्यावें. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेनें अपंग मुलाला भेदभाव न करतां प्रवेश द्यावा. त्याच्या गरजेप्रमाणें वाजवी सोयी कराव्यात. त्याला व्यक्तिशः लागेल तें साहाय्य द्यावें. आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावें, असें तें सांगतें. ज्यांचें अपंगत्व शेंकडा चाळीस किंवा अधिक असल्याचा दाखला आहे, त्या मुलांना वयाच्या अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि जवळची साधी शाळा घ्यावी कीं विशेष शाळा, याची निवड त्यांच्याकडे ठेवली आहे. लेखी परीक्षेसाठीं केंद्र सरकारनें २०१८ सालीं जे नियम केले, त्यांत अशा परीक्षार्थींना तासामागें किमान वीस मिनिटें अधिक वेळ देण्याची तरतूद असून, गरजेप्रमाणें लेखनिकहि घेतां येतो. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विशेष शिक्षकांचें प्रमाणहि सांगितलें आहे: प्राथमिक वर्गांत दहा अपंग विद्यार्थ्यांमागें एक, आणि त्यावरील वर्गांत पंधरांमागें एक.

कागदावर हें सर्व चांगलें आहे. व्यवहारांत मात्र पालकाला स्पष्ट नकार क्वचितच मिळतो. "आमच्याकडे सोय नाहीं, तुमच्याच मुलाचे हाल होतील," असें गोड शब्दांत सांगून त्याला परत पाठवितात. किंवा प्रवेश देतात, आणि दर आठवड्याला घरीं फोन करून मुलाला घेऊन जावयास बोलावतात. अशा वेळीं कायद्याचें कलम ठाऊक असलेला पालक आणि नसलेला पालक यांत फार अंतर पडतें. म्हणून आम्हांला सुचवावेंसें वाटतें कीं, अपंगत्वाचा सरकारी दाखला काढण्यांत कमीपणा मानूं नये. मुलाच्या कपाळीं शिक्का बसेल या भीतीनें कित्येक घरें तो काढीत नाहींत, आणि दहावीचें वर्ष आलें म्हणजे धांवाधांव करतात. शिक्का दाखल्यानें बसत नाहीं. शेजारीपाजारी तो त्याआधींच मारून मोकळे झालेले असतात. दाखल्यानें निदान हक्क तरी पदरीं पडतो.

शाळेनें काय करावें

समावेशक शिक्षण म्हणजे मुलाला शेवटच्या बांकावर बसवून हजेरी लावणें नव्हे. तसें केल्यास तें मूल घरांतल्यापेक्षां शाळेंत अधिक एकटें पडतें. त्याच्यासाठीं वर्गांत थोडी मांडामांड बदलावी लागते, आणि ती फार खर्चाची नसते.

स्वमग्न मुलाला पुढें काय होणार हें ठाऊक नसलें कीं तें बिथरतें. दिवसाचा क्रम चित्रांनीं काढून त्याच्या बांकावर चिकटविला, आणि एक तास संपला कीं त्यावर खूण करावयास सांगितलें, तर निम्मी रडारड थांबते. उद्यां कवाईत नाहीं, पाहुणे येणार आहेत, हें आदल्या दिवशीं सांगावें. सूचना एका वेळीं एकच द्यावी व ती थोडक्या शब्दांत द्यावी. "वही काढ, तारीख घाल आणि फळ्यावरचें उतरून घे" हें चाळीस मुलांना एक वाक्य असतें. त्या मुलाला तीं तीन कोडीं असतात. वर्गाच्या बाई "काय दिवे लावलेत!" असें म्हणाल्या तर तें छताकडे पाहील, यांत उद्धटपणा नसतो. घंटेच्या खालीं, पंख्याच्या खालीं किंवा दारापाशीं त्याला बसवूं नये. गोंगाट असह्य झाल्यास दहा मिनिटें बसण्यासाठीं एक शांत कोपरा असावा, आणि तो शिक्षेचा कोपरा नसावा. जें मूल बोलत नाहीं त्याला चित्रांच्या पाट्या किंवा टॅबलेटवरून मागणें सांगूं द्यावें. यानें बोलणें मागें पडतें ही भीति निराधार आहे.

आणि त्याला ज्याचा नाद असेल तो नाद शत्रू समजूं नये. आगगाड्यांचें वेड असलेल्या मुलाला पुणें-मुंबई अंतरावरून भागाकार शिकवितां येतो, आणि स्थानकांच्या नांवांवरून भूगोल. लेविस शेतकऱ्यानें विहीर खणवून घेतली ती याच न्यायानें.

कित्येक शाळा मुलासोबत एक स्वतंत्र मदतनीस आणण्याची अट घालतात. तिचा उपयोग आहे, पण धोकाहि आहे. ती सदैव मुलाच्या अंगाला लागून बसली तर बाई त्याच्याशीं बोलत नाहींत आणि मुलेंहि त्याच्याजवळ फिरकत नाहींत. म्हणजे वर्गांत राहूनहि तें वर्गाबाहेरच राहतें. चांगल्या मदतनिसानें महिन्यामहिन्यानें एकेक पाऊल मागें सरावें.

सर्वांत अवघड तास गणिताचा नसून मधल्या सुटीचा असतो. गणिताला नियम असतात. डबा खातांना कोणाशेजारीं बसावें, थट्टा कोणती आणि भांडण कोणतें, याला लिहिलेला नियम नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेंतील कॉनी कसारी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं साध्या शाळांत शिकणाऱ्या साठ स्वमग्न मुलांवर एक पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं मुलांना स्वतंत्रपणें मित्र जोडण्याचे धडे दिले. कांहींच्या बाबतींत त्यांच्या वर्गसोबत्यांनाच, एकाकी मुलाला खेळांत कसें घ्यावें, हें शिकविलें. वर्गांतील मुलाचें स्थान सुधारण्यांत दुसरा उपाय अधिक फलदायी ठरला. म्हणजे शिकवण्याची गरज एकट्या त्या मुलाला नाहीं; ती आपल्या 'व्यवस्थित' मुलांनाहि आहे.

कांहीं आक्षेप

पहिला आक्षेप सुशिक्षित पालकांकडूनच येतो: अशा मुलांमुळें आमच्या मुलांचा अभ्यास बुडेल. वर्गांत एकादें मूल ओरडलें तर पांच मिनिटें जातात हें खरें आहे. पण वर वर्णिलेल्या ज्या सोयी, त्या बहुतेक सगळ्या मुलांना उपकारक आहेत. थोडक्यांत दिलेली सूचना, फळ्यावर लिहिलेला दिवसाचा क्रम, शांत वर्ग यांनीं कोणत्या मुलाचें नुकसान होतें? शिवाय जो मुलगा दहा वर्षें अशा सोबत्याबरोबर बसला, तो उद्यां डॉक्टर, न्यायाधीश किंवा बँकेचा अधिकारी झाला म्हणजे त्याच्यासमोर आलेल्या निराळ्या माणसाला पाहून गोंधळणार नाहीं. हें शिक्षण कोणत्याहि पुस्तकांत मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागें एक शिक्षक सांगितला असला, तरी कित्येक वर्गांत त्याहून पुष्कळ अधिक मुलें असतात. विशेष शिक्षकांचीं पदें रिकामीं पडलेलीं असतात. ज्या बाईंना कोणी कांहीं शिकविलेंच नाहीं, त्यांच्यावर हें मूल नुसतें सोपवून समावेश होत नाहीं. पण यावरून निघतें काय? शिक्षक द्या, प्रशिक्षण द्या, असा आग्रह धरला पाहिजे. मुलाला घरीं बसवा, असा नव्हे. पुलावर कठडा नसेल तर कठडा बसवितात. नदीपलीकडच्या गांवाला प्रवास बंद करा असें कोणी सांगत नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, विशेष शाळा असतांना हा अट्टाहास कशाला? विशेष शाळांचें ऋण आम्ही मानतों. मुंबईची जय वकील शाळा १९४४ सालीं एका आईबापांनीं आपल्या मुलीसाठीं सुरू केली. दिल्लीची 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था १९९१ सालीं मेरी बरुआ या एका आईनें उभी केली. जेव्हां कोणीच दार उघडत नव्हतें तेव्हां या लोकांनीं स्वतःचीं दारें बांधलीं. ज्या मुलाला दिवसभर एकट्याचें लक्ष लागतें, ज्याला स्वतःला इजा करण्याची खोड आहे, त्याच्यासाठीं कांहीं काळ विशेष शाळाच हिताची असूं शकते. पण ती निवड मुलाची गरज पाहून व्हावी. शेजारच्या शाळेनें झटकून टाकलें म्हणून नव्हे. आणि दोन्ही शाळांच्या मधलें दार दोन्ही बाजूंनीं उघडणारें असावें.

घर ही पहिली शाळा

एकत्र कुटुंबाच्या हातीं या बाबतींत मोठी शक्ति आहे. ज्या मुलाला माणसांशीं वागावयास शिकवावयाचें, त्याच्या भोंवतीं आजी, काका, चुलत भावंडें अशीं आठ माणसें असणें ही भाग्याची गोष्ट होय. पण आठ माणसांनीं आठ प्रकारच्या आज्ञा दिल्या तर तेंच भाग्य उलटतें. घरानें एकत्र बसून ठरवावें: पाणी मागावयाचें तर चित्र दाखवावयाचें, आणि चित्र दाखविल्याशिवाय आजीनेंहि लाडानें पेला पुढें करावयाचा नाहीं. चुलत भावंडांनीं रोज पंधरा मिनिटें त्याच्या आवडीचा खेळ खेळावा, आणि मग पंधरा मिनिटें आपल्या आवडीचा खेळवावा. मुंज किंवा लग्न असेल तेव्हां वाजंत्री, गर्दी, नवे कपडे, अपरिचितांचे मुके हें सर्व त्याच्यावर एकदम लोटूं नये. कार्यालय आदल्या दिवशीं रिकामें असतांना दाखवून आणावें, आणि शांत खोली आधींच ठरवून ठेवावी.

पण सर्वांत आधीं, वाट पाहणें थांबवावें. अनुभवी तज्ज्ञाला दोन वर्षांच्या सुमारास निदान बहुधा करतां येतें. वर्षाचें मूल हांकेला वळत नाहीं, बोटानें वस्तु दाखवीत नाहीं, किंवा आलेले शब्द बोलेनासें होतें, अशा वेळीं बालविकासतज्ज्ञाकडे त्याच महिन्यांत जावें. नवस करावयाचा तर खुशाल करावा. पण डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस त्यासाठीं पुढें ढकलूं नये. आणि "धाकटीचें लग्न व्हावयाचें आहे, तोंपर्यंत बाहेर बोलूं नका" ही सूचना तर घरानें कायमची काढून टाकावी. त्या सूचनेची किंमत धाकटी देत नाहीं. ती त्या मुलाच्या हातून निसटलेल्या वर्षांनीं दिली जाते.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असें मूल नसेल. पण त्यांच्या मुलांच्या वर्गांत असेल, किंवा यावयाला हवें होतें आणि आलें नाहीं. जूनमध्यें शाळा सुरू झाल्या म्हणजे पालकसभा भरेल, आणि तेथें केव्हां ना केव्हां कोणीतरी उठून म्हणेल कीं, त्या मुलाची दुसरीकडे व्यवस्था करावी. तें बोलणारा माणूस वाईट नसतो. तो आपल्या मुलाच्या काळजीनेंच बोलतो. पण मागच्या एका खुर्चीवर त्या मुलाची आई खालीं मान घालून बसलेली असते, आणि तिच्या बाजूनें बोलावयास बहुधा कोणी उठत नाहीं. त्या वेळीं आपण काय बोलणार, हें प्रत्येक सुजाण घरानें आधींच ठरवून जावें.